आलो, बाबा

चष्म्यांच्या त्या दुकानात पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणाऱ्या पोरी असत, आणि मागे पडद्याआड ताई असे. गिऱ्हाईक पुढे डोळे तपासून घेई, दहा फ्रेमा नाकावर चढवून शेवटी पहिलीच पसंत करी, आणि मग ती फ्रेम दोन कोऱ्या काचांसकट एका ट्रेमध्ये पडद्याआड येई. काच फ्रेमच्या आकाराची घासायची. घासताना तिच्यावर पाण्याची धार सोडायची, नाहीतर ती तापून तडकते. बुबुळासमोर काचेचा जो बिंदू यायला हवा तो जरासा सरकला तरी माणसाचं डोकं दुखतं, आणि तो शिव्या डॉक्टरला घालतो. ताईच्या हातून असं क्वचितच झालं असेल. दुकानात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. संध्याकाळी नखांत बसलेला पांढरा गाळ काडीने काढायचा, डबा धुवायचा आणि घर गाठायचं. घरी बाबा.

बाबांनी उभा जन्म साबणाच्या कारखान्यात बॉयलरपाशी काढला होता. त्या धडधडाटात त्यांचे कान अर्धे गेले आणि आवाज जो चढला तो कायमचाच. साधं 'पाणी दे' म्हणाले तरी शेजारचे खिडक्या लावून घेत. हात त्यांनी कधी कुणावर उचलला नाही, पण जीभ अशी की त्यापेक्षा हात परवडला असता. आई होती तोवर ती जीभ आईच्या वाट्याला होती. आई गेल्यावर ती वारसाहक्काने ताईकडे आली. पुढे नोकरी संपली आणि दोन वर्षांत बाबा अर्धांगाने पडले. उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

धाकटा भाऊ पाळक झाला होता. लांबच्या मोठ्या शहरात त्याचं मोठं चर्च होतं, मोठी मंडळी होती, आणि तिथे सगळे त्याला पाळकसाहेब म्हणत. घरी तो बाळूच. बाबा एरवी चर्चच्या वाटेला जायचे नाहीत, पण बाळूला दीक्षा मिळाली त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले आणि ऐन प्रार्थनेत बाजूच्याला मोठ्यांदा म्हणाले, "हा माझा मुलगा बरं का." सगळं चर्च हसलं. बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई आईशेजारी मागे बसली होती, तीही हसली होती.

बाबा पडल्यावर बाळू वर्षातून दोनदा यायचा. पलंगाशी बसून शास्त्र वाचायचा, प्रार्थना करायचा, बाबांचा हात हातात घेऊन फोटो काढून घ्यायचा आणि जेवायच्या आत निघायचा, कारण कुठेतरी पोचायचं असायचं. फोन मात्र दर रविवारी न चुकता. "बाबा कसे आहेत? तू कशी आहेस? काळजी घे हं." ताई म्हणायची, "घेते."

मधल्या काळात फ्रेमा विकायला येणारा एक माणूस तिच्यासाठी थांबला होता. दर महिन्याला नमुन्यांची पेटी घेऊन यायचा आणि काम झालं तरी पडद्याआड उभा राहून गप्पा मारायचा. लग्नाचं त्याने विचारलं, तेव्हा बाबांना पडून सहा महिने झाले होते. ताई म्हणाली, "जरा थांबू या." तो वर्षभर थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं. पुढे त्याच्या बायकोला चष्मा लागला, त्याच्या काचा ताईनेच घासल्या, आणि त्या अगदी बरोबर बसल्या.

बाबा थंडीच्या दिवसांत गेले. बाळू अंत्यविधीला पोचला आणि तो विधी त्यानेच चालवला. फार सुंदर बोलला, असं सगळे म्हणाले. ताईला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती आदल्या रात्रीपासून उभी होती आणि कधी एकदा बसायला मिळतंय असं तिला झालं होतं.

उन्हाळा सुरू झाला तसा बाळूचा फोन आला, आणि तोही रविवार नसताना.

"ताई, या सुट्टीत तू आमच्याबरोबर यायचंच. आमच्या मंडळीतल्या एकांचं तळ्याकाठी घर आहे, आठवडाभर देतायत. नाही म्हणायचं नाही."

"अरे, तुम्ही नवराबायको, पोरं... मी कशाला मध्ये?"

"तू मध्ये कसली? किती वर्षं झाली, तू कुठे गेली नाहीस. मला तू हवी आहेस तिथे."

मला तू हवी आहेस. फोन ठेवल्यावरही ताईच्या कानांत तेच होतं. मग तिने मालकांकडे रजा मागितली, नव्या चपला घेतल्या आणि भाचरांसाठी दोन उन्हाळी चष्मे स्वतः काचा बसवून बनवले.

घर छान होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि तळ्याकडे तोंड केलेला व्हरांडा. पोरं दिवसभर पाण्यात असत. भावजय कमी बोलायची. भांडी ताईला घासू द्यायची नाही, म्हणायची, "ताई, तुम्ही बसा. तुम्ही खूप केलंय." असं कुणी म्हणायची सवय नसल्याने ताईला हातांचं काय करावं ते कळेना. आत्याच्या खोलीत झोपायचं म्हणून भाचीने भांडून जागा मिळवली आणि पहिल्याच रात्री लाथा मारून आत्याला पार भिंतीशी ढकललं. ताई सकाळी उठली तेव्हा पाठ धरली होती आणि मन हलकं होतं.

बाळू पहाटे उठणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई व्हरांड्यात आली, तर तो दोन कप चहा घेऊन बसला होता. एक तिच्यासाठी. दुसऱ्याने केलेला चहा आपल्या हातात आयता शेवटचा कधी आला होता, ते तिला आठवेना.

"ताई, बाबांबद्दल सांग ना," तो म्हणाला. "मी नव्हतो तेव्हाचं."

"त्यात काय सांगायचं? ओरडायचे."

"कसे ओरडायचे?"

ताईने सांगितलं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती म्हणायची, "आजोबा, पाय वर." बाबा म्हणायचे, "वर जायचंच आहे गं बाई, तू घाई कशाला करतेस?" बाळू इतका हसला की चहा सांडला. मग ताईने चष्म्याचं सांगितलं. अर्धांगानंतर बाबांचा नंबर बदलला होता. तिने नव्या काचा घासून आणल्या आणि चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. बाबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तू म्हातारी झालीस." दोघं बहीणभाऊ पोटं धरून हसले. आतून भावजयीने डोकावलं, काय झालं म्हणून.

मग ते रोजचंच झालं. चहा, व्हरांडा आणि बाबा. ताई आयुष्यात इतकी कधी बोलली नव्हती. बाळू ऐकायचाही मन लावून, मध्ये तोडायचा नाही. एकदा दुपारी त्याने तिचंच एक वाक्य बायकोला सांगितलं, आणि ते ताईने सांगितलं होतं त्यापेक्षा किती नीटनेटकं झालं होतं. ताईला कौतुकच वाटलं. शिकलेला माणूस, बोलण्याचंच काम त्याचं.

शुक्रवारी सकाळी त्याने विचारलं, "आणि शेवटी गं? शेवटी काय झालं?"

ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने कप खाली ठेवला.

"शेवटचा आठवडाभर ते मला ओळखत नव्हते," ती म्हणाली. "मला तूच समजायचे. मी पलंगाशी गेले की म्हणायचे, 'बाळू, आलास का रे?' मी म्हणायची, 'बाबा, मी आहे.' की लगेच घाबरे व्हायचे. 'तो कुठे गेला? त्याला कुणी घालवलं?' रडायचे रे. बाबा रडायचे. कधी पाहिलंयस तू त्यांना रडताना?"

बाळूने नाही अशी मान हलवली.

"मग मी विचार केला, कशाला? एकदा आवाज जरा जाड केला आणि म्हटलं, 'आलो, बाबा.' तेवढ्यावर शांत झोपले. मग रोज तेच. 'आलास का रे?' 'आलो, बाबा.' जेवण भरवताना बाळू, कपडे बदलताना बाळू. उजाडता उजाडता गेले त्या दिवशीही हात माझाच धरला होता, पण तुझा म्हणून. शेवटपर्यंत एकदाही मला माझ्या नावाने हाक मारली नाही त्यांनी."

बाळू खुर्चीतून उठला, तिच्यापुढे खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ताई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. इतके महिने एकटीने उरावर वागवलेलं ओझं आता दोघांत वाटलं गेलं, असं तिला वाटलं. त्या दिवशी ती पोरांबरोबर गुडघाभर पाण्यातही उतरली.

रविवारी सगळे तळ्यापलीकडच्या छोट्या चर्चमध्ये गेले. तिथले पाळक आजारी होते. पाहुणे पाळक आलेत हे कर्णोपकर्णी झालं होतंच, त्यामुळे उपदेशासाठी बाळूलाच उभं केलं. ताई दुसऱ्या रांगेत भावजयीशेजारी बसली. बाळूने तयारी केलेली दिसत नव्हती. हातात कागद नव्हता. तो घरातल्यासारखा बोलायला लागला.

बाबांबद्दलच बोलला. बॉयलरसमोर घाम गाळणारे, कमी बोलणारे, श्रद्धाळू बाबा. 'कमी बोलणारे' ऐकून ताईला हसू आलं. तिने भावजयीकडे पाहिलं. भावजय मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे पाहत होती. व्यायामाच्या मुलीचा किस्सा झाला, लोक हसले. मग बाळूचा आवाज खाली आला.

"शेवटच्या दिवसांत त्यांची नजर गेली होती. मी पलंगाशी गेलो की ते विचारत, 'बाळू, आलास का रे?' आणि मी म्हणे, 'आलो, बाबा.' पुन्हा पुन्हा तेच. आलास का? आलो. मी त्यांना भरवलं. त्यांचे कपडे बदलले. आणि त्या पहाटे त्यांचा हात माझ्या हातात होता. मित्रांनो, आपला स्वर्गातला पिता आपल्यालाही रोज हेच विचारतोय..."

पुढचं ताईला ऐकू आलं नाही. कानांत दुकानातलं घासायचं चाक फिरल्यासारखा आवाज होत होता. आजूबाजूला लोक नाकं पुसत होते. पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस खांदे हलवून रडत होता. बाळूच्या गालांवरूनही पाणी वाहत होतं, आणि त्यात खोट नव्हती. ताई त्याला जन्मापासून ओळखत होती, त्याचं खोटं रडणं तिला लांबूनही कळलं असतं. हे खरं होतं. त्याला ते सगळं आठवत होतं.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी त्याला गराडा घातला. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ताईचा हात धरला.

"तुम्ही बहीण का यांच्या? असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो. बापाचं एवढं करणारा मुलगा आजकाल कुठे बघायला मिळतो?" मग सहज विचारलं, "तुम्ही कुठे होता हो तेव्हा?"

"मी होते," ताई म्हणाली. "तिथेच. जवळपास."

घरी आल्यावर भावजयीने टेबलावर उकडलेले बटाटे आणि तळलेले मासे मांडले. पोरं हात धुवायला गेली तेव्हा ताई उभ्या उभ्याच म्हणाली, "बाळू, तू नव्हतास तिथे."

त्याला लगेच कळलं. तो खुर्चीत जरा मागे सरकला.

"ताई, तो उपदेश होता. त्यात एक सत्य पोचवायचं असतं."

"तू म्हणालास, मी भरवलं. मी कपडे बदलले. बाळू, तुला बाबांची चादरसुद्धा बदलता येत नव्हती. तू आलास की मी ती आधीच बदलून ठेवायची, तुला वास येऊ नये म्हणून."

"बाबांना कोण दिसत होतं, ते सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "तूच सांगितलंस ना? त्यांच्या लेखी मीच होतो. 'आलो' हे तू माझ्या वतीनेच म्हणालीस. मग मी तिथे नव्हतो असं कसं म्हणतेस? शुक्रवारी तू ते सांगितलंस तेव्हा माझ्या मनावरचा केवढा दगड उतरला, तुला कल्पना नाही. मला वाटलं, ताईने मला हे मुद्दाम दिलं."

"दिलं?"

"भेट म्हणून."

ताईला हसावं की रडावं कळेना. "मी तुला तीनदा फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं होतं, ये, तुझं नाव घेतायत."

"शिबिर चालू होतं. दोनशे तरुण मुलं होती, ताई. त्यांना सोडून कसा येणार होतो?"

"मग त्यांना सांग ना हे. सांग, की बाप हाका मारत होता आणि मी शिबिरात होतो."

तेवढ्यात पोरं आली आणि खुर्च्या ओढून बसली. बाळूने एक दीर्घ श्वास घेतला आणि हात पुढे केले. प्रार्थना. एक हात भावजयीने धरला, दुसरा भाचीने. ताईचा हात भाच्याने आपणहून घेतला. बाळूने डोळे मिटले. अन्नाबद्दल आभार मानले, तळ्याबद्दल मानले, आणि मग म्हणाला, "प्रभो, माझ्या ताईसाठी तुझे आभार. ती थकली आहे. तिच्या मनात जो कडवटपणा साठलाय तो तू काढून घे. तिला क्षमा करायला शिकव. आणि मी कळत नकळत तिला दुखावलं असेल तर मलाही क्षमा कर."

प्रार्थनेत मध्ये बोलता येत नाही. लहानपणापासून अंगात भिनलेली गोष्ट ती. ताई उघड्या डोळ्यांनी बटाट्यांमधून निघणारी वाफ पाहत राहिली. पोरं एका सुरात आमेन म्हणाली. भावजयीचा आमेन जरा मागून आला. ताईने तो म्हटलाच नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भाच्याने मासा ओढून घेतला होता आणि त्यावरून भांडण जुंपलं होतं.

सुट्टीचे दोन दिवस अजून बाकी होते. सोमवारी सकाळी ताईने बॅग भरली. दुकानात काम तुंबलंय, असं पोरांना सांगितलं. बाळू चहाचे दोन कप घेऊन व्हरांड्यात बसला होता. त्याने एक पुढे केला. ताईने तो घेतला, उभ्यानेच प्यायली, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "येते."

बसथांब्यापर्यंत भावजय गाडीने सोडायला आली. बस यायला अवकाश होता. दोघी गाडीतच बसून राहिल्या. भावजयीने स्टीअरिंगवरचे हात काढले नव्हते.

"मोठीच्या जन्माची गोष्ट ऐकलीय तुम्ही?" तिने विचारलं. "तीही सांगतात ते. मी कळा देत होते आणि ते दाराबाहेर गुडघे टेकून बसले होते, अशी. खरं तर त्या दिवशी एका नव्या चर्चची पायाभरणी होती. संध्याकाळी आले. सोबत पेढ्यांचा मोठा पुडा मात्र आणला होता."

"तू कधी बोलली नाहीस?"

"पहिल्यांदा बोलले. त्यांनी प्रार्थना केली." ती जराशी हसली. "ताई, तुम्ही आता घरी जाल. मला दर रविवारी पहिल्या रांगेत बसायचंय."

बस आली. भावजयीने बॅग उचलून दिली, आणि नणंदेच्या गळ्यात पडावं की नको असा विचार करत असतानाच दार लागलं.

घरी आल्यावर ताईने बाबांचा पलंग सुटा करून दवाखान्याला देऊन टाकला. तिथली फरशी इतर फरशीपेक्षा उजळ निघाली. भाऊ दर रविवारी फोन करत होता आणि ती उचलतही होती. हवापाणी, पोरांच्या परीक्षा, गुडघे. बाबांचा विषय दोघंही टाळत. एवढं जरी राहिलं तरी पुष्कळ, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

पावसाळा सरल्यावर एक दिवस मालक फोन हातात धरून पडद्याआड आले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"ताई, हा तुमचाच भाऊ ना? आमच्या मेहुणीने पाठवलंय. अहो, हजारो लोकांनी ऐकलंय हे! आणि तुमचाही उल्लेख आहे बरं का त्यात!"

ताईने चाक थांबवलं. पाण्याची धार चालूच राहिली. फोनमधून बाळूचा आवाज आला, मोठ्या चर्चमधला, घुमणारा. आलास का रे? आलो, बाबा. आणि मग, जरा थांबून, "त्या रात्री माझी बहीण शेजारच्या खोलीत झोपली होती. दिवसभराच्या कामाने दमलेली. बाबा जाणार हे मला कळलं होतं. पण मी तिला उठवलं नाही. म्हटलं, झोपू दे बिचारीला."

"किती माया बघा," मालक म्हणाले. त्यांचे डोळे ओलावले होते.

"हो," ताई म्हणाली, आणि हातातली काच पुरी केली.

संध्याकाळी तिने स्वतः फोन लावला. बाळूला आनंद झाला. "ऐकलंस? मुद्दाम तुलाही घेतलं या वेळी. तू चिडली होतीस ना, तुझा उल्लेख नाही म्हणून."

"बाळू, आपल्या घराला शेजारची खोली कुठेय?"

"म्हणजे?" बाळूने विचारलं.

"एकच खोली आहे रे. स्वयंपाकघर आणि ती. तू तिथेच वाढलास. मी जमिनीवर झोपायचे, पलंगाला लागून. त्यांचा लोंबता हात माझ्या तोंडावर यायचा."

"ताई, तू फार शब्दशः घेतेस," तो थकल्यासारखा म्हणाला. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

"नको करूस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर रविवारचे फोन आधी पंधरवड्यावर गेले, मग महिन्यावर. बाबांना वर्ष झालं तेव्हा बाळूने आपल्या चर्चमध्ये स्मरणाची उपासना ठेवली आणि ताईला निरोप धाडला. तिने कामाचं कारण कळवलं, आणि काम खरंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या घराचा विषय कुणी काढला नाही. भाचीचा तेवढा एकदा फोन आला, तिच्या चष्म्याची दांडी तुटली म्हणून. ताईने नवी फ्रेम पाठवून दिली.

जुने शेजारी, कारखान्यातली म्हातारी माणसं अधूनमधून रस्त्यात भेटतात. बाबांचा विषय निघतो. शेवटी फार त्रास झाला का त्यांना, काही बोलले का, कुणाची आठवण काढली का, असं कुणी ना कुणी विचारतंच. ताई पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि म्हणते, "माझ्या भावाला विचारा. त्याला सगळं आठवतं."